दादाची झोप

धाकट्याने तो उघडझाप करणारा फोन घेतला, तेव्हा बायकोने बरेच दिवस त्याच्याशी तुटक तुटकच बोलणं ठेवलं. तिचं म्हणणं साधं होतं. जुना फोन बिघडला नव्हता की हरवला नव्हता, मग त्याला अडगळीत टाकायचं कारण काय? पण तो नवा फोन तिच्याच भावाने हौसेने घेतला होता आणि हौस फिटल्यावर धाकट्याच्या गळ्यात मारला होता. त्यामुळे तिलाही फार ताणून धरता येईना. माहेरचं माणूस मध्ये आलं की भल्याभल्यांचे आवाज खाली येतात.

धाकटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे कपडे धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिच्या मागच्या अंगाला बॉयलरघर होतं आणि दिवसपाळीला तिथे दोन माणसं असत, एक दादा आणि दुसरा हा. दादाच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा तो पोरसवदा होता. आता चाळिशी उलटली, कानाशी केस पिकले, घरात शाळेत जाणारी दोन मुलं झाली, तरी लाँड्रीत तो धाकटाच राहिला. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली की काहीतरी वाईट बातमी असणार, असंच त्याला वाटायचं.

फोन मात्र त्याच्या डोक्यात गेला, हे खरं. अंगठ्याने झाकण उडवायचं, बोलायचं आणि बोलणं संपलं की फट्दिशी मिटायचं. त्या फट् आवाजात साहेबी थाट होता. जुन्या फोनवर बोलणं संपवायला बटण शोधावं लागे, इथे एखाद्याच्या तोंडावर दार लावल्याचं समाधान मिळे. आणि वर कॅमेरा! फोटो यायचे ते पाण्यात भिजल्यासारखे. तोंड आहे हे कळायचं, कोणाचं ते सांगावं लागायचं. पण लाँड्रीत दुसऱ्या कोणाकडे कॅमेऱ्याचा फोन नव्हता, म्हणून त्याचंच केवढं अप्रूप. फोटो कोणाला पाठवायची सोय नव्हती. बघायचा असेल तर फोनच हातात द्यावा लागे. मग तो या हातातून त्या हातात जाई आणि परत येईपर्यंत धाकट्याचा जीव टांगणीला लागे. परत आला की तो रुमालाने पुसून घेई. फोनची पोतडीही लहान. थोडे फोटो झाले की 'जागा नाही' म्हणून अडून बसायचा. मग नवा फोटो घ्यायचा तर जुन्यातला एखादा पुसून टाकावा लागे. मेहुण्याचे फोटो त्याने सगळ्यात आधी पुसले.

या फोनची एक गंमत होती. ज्याचा फोन येईल त्याचं चित्र बाहेरच्या नखाएवढ्या काचेवर उमटायचं. धाकट्याने रिकाम्या वेळात सगळ्यांची चित्रं लावून टाकली. बायकोचं रागावलेलं, मेहुण्याच्या जागी एका बैलाचं, आणि दादाचं झोपलेलं.

दादाच्या झोपेबद्दल सांगायला हवं. दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती. डावं अंग गेलेलं. रात्री तिला सारखं कुशीवर वळवावं लागे, पाणी पाजावं लागे, कपडे बदलावे लागत. मूलबाळ नव्हतं, बाई ठेवण्याची ऐपत नव्हती. सगळं दादाच करायचा आणि सकाळी दाढी करून, टोपी घालून वेळेवर कामावर हजर व्हायचा. जेवण झालं की मात्र त्याचे डोळे मिटायला लागायचे. तेव्हा धाकटा म्हणायचा, "व्हा आडवे, मी आहे." दादा भिंतीकडेच्या पोत्यांवर पाठ टेकायचा आणि घटकाभर मेल्यासारखा झोपायचा. तेवढा वेळ धाकटा पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि वाफेचा दाब दाखवणारा काटा यांच्यावरून नजर हलवत नसे. बॉयलरवर झोपणं म्हणजे सरळ घरी जाणं, हा नियम दारावरच रंगवलेला होता. पण एक जण जागा असला की काय बिघडतं, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं आणि कित्येक वर्षं खरंच काही बिघडलं नव्हतं.

त्या झोपेचा फोटो धाकट्याने चेष्टेने काढला. टोपी एका डोळ्यावर घसरलेली, तोंड उघडं, आणि डोक्यामागे वाफेच्या काट्याची गोल तबकडी. दादाने जागा झाल्यावर तो पाहिला आणि खोकला लागेपर्यंत हसला.

"मेल्यावर असाच दिसेन रे मी!"

"पुसून टाकू का?"

"पुसतोस कशाला? माझा फोन आला की हाच दिसू दे. म्हणजे तुला कळेल, म्हातारा जागा झालाय."

असं ते चित्र फोनवर चढलं आणि तिथेच राहिलं.

पुढे जे झालं त्याला फोनच कारण झाला, असं धाकटा स्वतःला सांगत असे. फोन बिचारा काय करणार? इस्त्री खात्यातली एक बाई नोकरी सोडून मुलीकडे राहायला जाणार होती. तिचा शेवटचा दिवस. दुपारी तिथलीच दुसरी एक बाई बॉयलरघराच्या दारात येऊन म्हणाली, "चला की, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढा. परत कुठे भेटणार आहे ती?" दादा नुकताच झोपला होता. धाकट्याने पाण्याची काच पाहिली, काटा पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. हा गेलो आणि हा आलो, असं म्हणून तो निघाला.

बायकांचा फोटो म्हणजे काय हे त्याला कळायला हवं होतं. एक केस बांधायला गेली, दुसरी तिला शोधायला गेली. उंच होत्या त्या मागे जायला तयार होईनात. अखेर सगळ्या उभ्या राहिल्या, हसल्या, आणि फोन म्हणाला की जागा नाही. धाकटा एकेक जुना फोटो उघडून बघायला लागला, कोणता पुसावा म्हणून. पोराचा पुसवेना, कुत्र्याचा पुसवेना. बायका भोवती जमून सल्ले द्यायला लागल्या. धाकट्यालाही ते बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. एवढ्या बायका त्याच्याभोवती कधी जमल्या होत्या?

तेवढ्यात बॉयलरने शिट्टी दिली. आत पाणी धोक्याच्या खुणेखाली उतरलं की ती आपोआप वाजते, आणि सगळ्या लाँड्रीत ऐकू जाते.

धाकटा धावत पोचला तेव्हा दादाने आग बंद केली होती. टोपी खाली पडली होती. पाणी चढवणारा पंप अडकला होता, एवढीच गोष्ट. माणूस जागेवर असता तर एका थपडेने चालू झाला असता.

"काही झालं नाही," दादा म्हणाला. "तू इथेच होतास. कळलं? कोणी विचारलं तर तू इथेच होतास."

झालं मात्र बरंच. लाँड्री दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिली, दवाखान्यांनी आरडाओरडा केला, वरून माणसं येऊन बॉयलर ठोकून बघून गेली. नवीन साहेबांना आपण काहीतरी केलंय असं दाखवणं भाग होतं. इस्त्रीच्या बायकांना विचारलं, तर त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांचं हे मौन धाकट्याच्या बाजूने होतं, आणि म्हणूनच ते दादाच्या विरुद्ध गेलं. हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

साहेबांनी आधी धाकट्याला बोलावलं, तेही खऱ्या नावाने. केबिनमध्ये शिरणाऱ्याने फोन बंद करून टेबलावर ठेवायचा, अशी त्यांची शिस्त होती. धाकट्याने फोन मिटून ठेवला. बंद करायचा राहून गेला.

"बसा," साहेब म्हणाले. वयाने ते धाकट्यापेक्षा लहान होते आणि आवाज कधी चढवत नसत. "त्या दुपारी तुम्ही दोघं बॉयलरपाशी होतात?"

"हो साहेब."

"दोघंही जागे?"

"हो."

"मग पाणी उतरताना दोघांना दिसलं नाही, असं कसं?"

धाकट्याने घसा खाकरला. "पंप एकदम अडकला, साहेब."

"पाणी एकदम उतरत नाही, हे मलाही माहीत आहे. एक तर कोणीतरी झोपलं होतं, नाहीतर कोणीतरी जागेवर नव्हतं. दादांबद्दल पूर्वीही कुजबूज कानावर आली आहे. ते झोपतात?"

"कधीच नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या मुलांची शपथ. मी त्यांना झोपलेलं कधी बघितलेलं नाही."

आणि टेबलावरचा फोन वाजू लागला.

साहेबांनी खाली पाहिलं. मग जरा वाकून पाहिलं. नखाएवढ्या काचेवर टोपीवालं काहीतरी चमकत होतं. फोन टेबलावर गुरगुरत, सरकत हळूहळू त्यांच्याच दिशेने निघाला होता. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि नीट दिसावं म्हणून झाकण उघडलं. झाकण उघडलं की फोन उचलला जातो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"हॅलो? धाकट्या?" आतून दादाचा आवाज आला. "धाकट्या, ऐकतोयस ना..."

साहेबांनी दचकून झाकण लावलं.

"हा दादांचा फोटो होता?"

"हो."

"बॉयलरघरातला वाटला. मागे काटा होता. डोळे मिटलेले होते का?"

"लहान दिसतो साहेब त्यात. नीट कळत नाही."

"म्हणूनच मोठा दाखवा." त्यांनी फोन त्याच्यापुढे सरकवला. "हे बघा, दोघांपैकी एक जण जाणार, हे वरून ठरून आलेलं आहे. कोण ते मला ठरवायचं आहे. तुम्ही जागेवर होतात असं तुम्ही म्हणताय. मला ते मान्य करायला आवडेल."

धाकट्याने फोन हातात घेतला. त्याने फोटो शोधला. बाकीच्या फोटोंच्या रांगेत दादा झोपला होता. खाली बटणापाशी यादी उघडली: 'पाहा', 'नाव बदला', 'डिलीट'. ही यादी त्याला पाठ होती. त्या दिवशी बायकांच्या घोळक्यात त्याने तीच तर खालीवर केली होती. अंगठा डिलीटवर नेऊन दाबायचं, 'नक्की?' असं फोन विचारेल, परत दाबायचं. साहेबांना काही कळलं नसतं. 'गेला साहेब, चुकून गेला,' म्हणता आलं असतं. ते चिडले असते, बाहेर चौकशी केली असती, एखादी बाई घाबरून बोलली असती. मग दादा राहिला असता आणि धाकटा घरी बसला असता. त्याच्या डोळ्यांपुढे त्याची मुलं आली. ती खरंच आली, की त्यानेच आणली, हे त्याला पुढे कधी ठरवता आलं नाही.

त्याने 'पाहा' दाबलं आणि फोन साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "थँक यू. तुम्ही जाऊ शकता."

दादाला त्याच संध्याकाळी नोटीस मिळाली. नोकरीबरोबर लाँड्रीच्या मागची कंपनीची राहती खोली गेली, आणि वहिनीसाठी कंपनीचा जो डॉक्टर यायचा, तोही गेला. इतक्या वर्षांचा माणूस म्हणून महिनाअखेरपर्यंत खोलीत राहायची सवलत दिली. दादा साहेबांकडून आला तो पोत्यांवर बसला. पहिल्यांदाच तो कामाच्या वेळेत जागेपणी तिथे बसलेला धाकट्याने पाहिला.

"मीच मूर्ख," दादा म्हणाला. "नेमका तेव्हाच फोन करायची कुठली दुर्बुद्धी झाली मला!"

"कशाला केला होतात?"

"तेच सांगायला. की माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, टाक सगळं माझ्यावर. माझं काय, आज ना उद्या जायचंच होतं. तुझी पोरं लहान आहेत." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू म्हणे शपथ घेतलीस. पोरांची शपथ घेतात का रे अशी?"

तो क्षण बोलायचा होता. सगळं सांगून टाकलं असतं तर दादाने शिव्या घातल्या असत्या, कदाचित एक थोबाडीतही दिली असती, आणि मग पाठीवर हात ठेवला असता. दादा तसाच होता. पण धाकटा पाण्याची काच पुसत राहिला.

"फोटो त्यांनी बाहेरूनच बघितला ना?" दादाने विचारलं. "वाजला तेव्हा?"

"हो," धाकटा म्हणाला.

"बघ, म्हणजे मीच दाखवला," दादा म्हणाला आणि चक्क हसला.

खोली सोडायच्या दिवशी धाकटा सामान हलवायला गेला. वहिनीच्या भावाकडे माडीवर एक खोली मिळाली होती. माडीवर वहिनीला कसं चढवायचं आणि एकदा चढवल्यावर खाली कसं आणायचं, याबद्दल कोणी बोलत नव्हतं. सामान होतं तरी किती? एक कपाट, भांड्यांचं खोकं, एक टेबल आणि वहिनीचा पलंग. पलंग शेवटी न्यायचा, म्हणून ती अजून त्यावरच पडून होती. रिकाम्या खोलीत ती आणखीनच लहान दिसत होती.

दादा खोकं उचलताना थांबला. "अरे, तुझा फोन आहे ना? हिचा एक फोटो काढ बाबा. आजारी पडल्यापासून हिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. मी हे गाडीत ठेवून येतो, तोवर काढून ठेव."

तो बाहेर गेला. धाकट्याने फोन काढला आणि झाकण उघडलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. तिचं बोलणं जड येई, पण सवयीने सगळं समजत असे.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाहेरच्या काचेवर ह्यांचा फोटो मलाही दाखवला होतात तुम्ही. आठवतंय?"

"हो वहिनी."

"मी तेव्हा विचारलं होतं, हे जागे आहेत की झोपलेत? काही कळत नव्हतं. मग तुम्ही फोन उघडून मोठा करून दाखवलात. तेव्हा कळलं."

धाकट्याचा हात तसाच वर राहिला.

"साहेबांना कसं कळलं?"

बाहेर गाडीत खोकं आपटल्याचा आवाज आला. भांडी खडखडली. तिने उत्तराची वाट पाहिली. नंतर पाहिली नाही.

"ह्यांना मी बोलले नाही," ती म्हणाली. "बोलणारही नाही. ह्यांना दुसरं कोण आहे तुमच्याशिवाय? पण माझा फोटो नका काढू, भाऊजी."

तिने चांगल्या हाताने चादर धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. एवढं वळायलाही तिला बराच वेळ लागला. मदत करायला धाकट्याचा हात पुढे झाला, पण तिला लावायचा धीर झाला नाही. त्याने फोन मिटला. आवाज होऊ नये म्हणून हळूच मिटला, तरी व्हायचा तो झालाच.

दादा हात झटकत आत आला.

"काढलास? आला का नीट?"

धाकट्याने भिंतीकडे तोंड केलेल्या वहिनीकडे पाहिलं.

"आला," वहिनीच म्हणाली.

"छान. जपून ठेव हं, धाकट्या. हिचं असं आहे... पुढेमागे मला लागेल. तेव्हा मागेन तुझ्याकडे."

"हो, दादा," धाकटा म्हणाला आणि पलंगाचं दुसरं टोक उचलायला वाकला.